आक्कांचा हसतानाचा फोटो

माझ्या नातीला स्वतःचे फोटो नकळत काढलेले हवे असतात. त्यासाठी ती आधी अर्धा तास तयारी करते. केस सोडते, बांधते, पुन्हा सोडते, मग गच्चीच्या कठड्याला टेकून डोंगराकडे बघत उभी राहते आणि म्हणते, "हं आजी, आता मला माहीतच नाहीये असं काढ." मी काढते. ती पळत येऊन बघते, नाक मुरडते आणि पुन्हा नकळत उभी राहते. तिसऱ्या खेपेला माझे गुडघे बोलायला लागतात, पण नातीला नाही कसं म्हणायचं.

लोणावळ्यात शनिवार-रविवारी सगळीकडे हेच चालू असतं. लग्न ठरलेली जोडपी येतात, सोबत फोटोवाला, त्याच्यासोबत छत्री धरणारा. मुलानं मुलीला सहज उचलायचं असतं. फोटोवाला म्हणतो, "सर, अजून एकदा, पण सहज." चौथ्यांदा सहज उचलताना त्या मुलाचा जो चेहरा होतो, तोच काय तो खरा फोटो. तो मात्र कुणी काढत नाही. मी एकदा बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर काढला होता. मुलगी पाठमोरी आणि मुलगा दातओठ खातोय. फार छान आला होता. मग पुसून टाकला. परक्याचं पोर, उगाच कशाला.

ही खोडी मला तरुणपणी नव्हती. तेव्हा मी बरोबर उलटी होते.

बाजारात आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचे हे चालवायचे. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मीही कॅमेऱ्यामागे उभी राहायला लागले, त्याला कारण होतं. मावळातल्या खेड्यांतून बायका फोटोला यायच्या आणि परक्या पुरुषासमोर बसल्या की नुसत्या गोठायच्या. पदर पार भुवयांपर्यंत. ह्यांनी "जरा वर बघा" म्हटलं की मान आणखी खाली. म्हणून बायकांचे फोटो माझ्याकडे आले. मग गावोगावच्या बारशांना, लग्नांनाही मला बोलावणी यायला लागली. बाई फोटो काढते म्हटल्यावर लोक नवरी सोडून माझ्याकडे बघत राहायचे, आणि ते मला मनापासून आवडायचं.

त्या वेळची मी आठवली की तिला एक ठेवून द्यावीशी वाटते. डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, खांद्याला कॅमेरा, मनगटावर ह्यांचं भलंमोठं घड्याळ, आवाज शाळेतल्या मोठ्या बाईंसारखा. सगळी विद्या पाच-सहा हुकमांत संपायची. मान वर. हनुवटी खाली. हात गुडघ्यावर. पापणी पाडू नका. श्वास धरा. आणि सगळ्यात शेवटी, तोंड मिटा.

हा शेवटचा हुकूम कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्याकडच्या शेतात राबणाऱ्या बायका मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, आणि सकाळी उठल्या उठल्या उंबऱ्यात बसून बोटानं दातांवर फिरवायची. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. पण त्यानं दात काळे व्हायचे. हसल्या की काळ्या-पांढऱ्या फोटोत तोंडाच्या जागी भोक दिसायचं, आणि मला वाटायचं माझा फोटो बिघडला. माझा, बरं का. खरं तर उपाय हाताशी होता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की तेवढी जागा फोटोत उजळ यायची. बंगलेवाल्या बायकांच्या गालांवरचे वांगाचे डाग मी त्याच पेन्सिलीनं तासन्‌तास बसून घालवत होते. पण खेड्यातल्या बाईच्या दातांसाठी एवढे डोळे कोण फोडणार. त्यापेक्षा "तोंड मिटा" सोपं. आणि गंमत अशी की पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखते म्हणून वर्षभर मी स्वतःही न्हाणीघराचं दार लावून मिश्री लावत होते. त्या वर्षीच्या माझ्या फोटोत दात मोत्यासारखे आहेत. पेन्सिल घरचीच होती.

ह्यांचे थोरले भाऊ वडिवळ्याला भातशेती करायचे. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं, म्हणून मीही. त्यांच्या पहिल्या मुलाच्या बारशाला मी कॅमेरा घेऊन गेले होते. आक्का तेव्हा विशीतल्या. मांडीवर पोरगं. त्यानं आईच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली आणि आक्का खळखळून हसल्या. मी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं आणि भरल्या घरात, सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "आक्का, तोंड मिटा. काळं दिसतंय." आक्कांनी मिटलं. बायका पदराआड हसल्या. त्या आक्कांना हसताहेत असं मला वाटलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

ते मांडीवरचं पोरगं, म्हणजे माझा पुतण्या, आता तळेगावला कारखान्यात सुपरवायझर आहे, टक्कल पडलंय. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि त्याचा फोन आला. आक्कांच्या वरच्या हिरडीत डावीकडे बरेच दिवस जखम होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, तिखट खाणं तेवढं सोडलं होतं. तपासलं तेव्हा गाठ निघाली, आणि वाईट निघाली. पुण्याला ऑपरेशन ठरलं होतं. वरचा जबडा डावीकडून काढायचा, त्याबरोबर पुढचे दातही जाणार. पुढे दोनेक महिन्यांनी त्या जागी कवळी बसवायची, म्हणजे गिळता येईल, बोललेलं कळेल आणि चेहरा अगदीच आत बसणार नाही. कवळी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी एक गोष्ट मागितली होती. दवाखान्यात खुर्चीवर बसवून फोटो काढतातच, पण तिथं पेशंट नुसता आ करतो. घरचा एखादा फोटो आणा, मनापासून हसतानाचा, दात दिसतील असा. दात कसे होते, ओठ हसताना कुठवर वर जातो, ते त्यावरून कळतं.

"काकू, घरातला एकूण एक फोटो बघितला," पुतण्या म्हणाला. "आई एकाही फोटोत हसत नाहीये. तुमच्याकडं स्टुडिओतलं काही असेल ना? सोमवारी भरती व्हायचंय."

बघते म्हणाले. काय सापडणार ते मला माहीत होतं.

तरी दोन दिवस पत्र्याच्या ट्रंका उपसल्या. धुळीनं शिंका, कंबरेत कळ, आणि समोर आक्काच आक्का. बारशातल्या, पुतण्याच्या लग्नातल्या, सत्यनारायणाला दिरांशेजारी बसलेल्या, सुनेची ओटी भरताना. केस पिकत गेलेले, गाल उतरत गेलेले, आणि तोंड मिटलेलं. पुढंपुढं तर मी हुकूम देत नव्हते, तरी मिटलेलं. रंगीत फोटो आले, मोबाइल आले, नातवंडं फोटो काढायला लागली, तरी कॅमेरा दिसला की आक्कांचा पदर तोंडावर जायचा. त्याच ट्रंकांत कार्ल्याच्या बायका होत्या, भाजे गावच्या होत्या, कामशेतच्या होत्या. एका पिढीच्या बायका ओठ घट्ट आवळून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे फोटो आता घराघरांत भिंतीवर असतील आणि पतवंडांना कुणीतरी सांगत असेल, आमची आजी फार कडक होती हो. कडक कुठली. माझ्या फिल्मपुरती गप्प बसली होती बिचारी.

तर फोटो आता नव्यानं काढायचा होता. मुलानं दिलेला छोटा कॅमेरा पिशवीत टाकला, दोन लुगडी टाकली आणि गुरुवारी दुपारी लोकलनं कामशेतला उतरून रिक्षानं वडिवळ्याला गेले.

भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर फळीवर पेंढ्या आपटून बायका भात पाडत होत्या, आणि आक्का एका कडेला बसून सुपानं पाखडत होत्या. चार दिवसांनी जबडा काढायचा आहे अशी बाई. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बस. च्या पी आदी." गाल डावीकडून सुजला होता. बोलताना शब्द उजव्या कोपऱ्यातनं येत होते.

मी कशासाठी आले ते त्यांना सांगितलं. त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच, की मला वाटलं उद्या संध्याकाळी मी घरी.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नवी साडी नेसली, केस विंचरले, ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडायला लावली आणि बसल्या. हात गुडघ्यावर. हनुवटी खाली. पापणी ताठ. श्वास धरलेला. तोंड मिटलेलं. मी शिकवलेलं एक अक्षर त्या विसरल्या नव्हत्या.

"काढ," ओठ न हलवता म्हणाल्या.

हसा म्हटलं. त्यांनी प्रयत्न केला. हसा म्हटल्यावर माणूस जे करतं ते हसू नसतं, ती ओठांची ओढाताण असते, आणि डोळे तिकडे फिरकतही नाहीत. मी त्यांना पुतण्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, दिरांचे किस्से सांगितले, सुनेकडून नातवाची नक्कल करवली. आक्कांचा ओठ उजवीकडे थोडा हलला आणि लगेच गालाला हात गेला.

"दुकतंय गं," त्या म्हणाल्या. "हसाया गेलं की लय दुकतंय."

मी कॅमेरा बंद केला. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. एकेकाळी त्यांना हसू फुकट येत होतं तेव्हा मी बंद करायला लावलं, आणि आता तेच मी दुखण्यातनं मागत होते.

शनिवारी मी लपूनछपून काढायचं ठरवलं. या वयात. पेंढ्याच्या गंजीमागे जाऊन उभी राहिले, एक डोळा मिटून. पेंढा नाकात गेला, पाठीला रग लागली, आणि पाच मिनिटांत खळ्यावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. एकीनं विचारलं, "मावशी, काय पडलंय का तुमचं तितं?" लपलेला माणूस चौफेर दिसतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्यापेक्षा उघड्यावर बसलेला दिसत नाही. आक्का तर मान वर न करताच पदर ओढून घ्यायच्या. माझं बोट बटणाकडे जायच्या आधी त्यांचा हात पदराकडे जायचा. एवढ्या वर्षांचा सराव. त्यात माझा हात कापायला लागलेला, त्यामुळे जे चार-दोन आले तेही हललेले.

दुपारी मी गंजीमागून निघून खळ्यावर जाऊन बसले. उभं राहवत नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही. कॅमेरा मांडीवर ठेवला, एक चाळण ओढली आणि भातातले खडे वेचायला लागले. तासाभरानं बायका मला विसरल्या. माझ्या देखत एकमेकींच्या सुनांची निंदा करायला लागल्या, म्हणजे पक्क्या विसरल्या. तेव्हा मला ते कळलं. आपण कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हा आपला चेहरा नाहीसा होतो. समोरच्याला बघायला माणूसच उरत नाही, म्हणून तो सावरून बसतो. आपला चेहरा उघडा ठेवावा, हाताला काम असावं, चार शब्द आपणही बोलावेत. मग मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला, पुढचा लाल दिवा चिकटपट्टीनं झाकला, आक्का बसल्या होत्या तेवढ्या अंतराचा अंदाज घेऊन तो मांडीवर त्यांच्या दिशेनं तिरका करून ठेवला आणि न बघता बटण दाबत राहिले. आक्का पाखडताना, आक्का कोंबडीला हाकलताना, आक्का नुसत्या गावाजवळच्या धरणाच्या दिशेनं बघत बसलेल्या. ते फोटो चांगले आहेत. माझ्या उभ्या जन्मात मी इतके बरे फोटो काढले नव्हते. पण हसणारा एकही नाही. कारण त्या हसल्याच नाहीत. फोटो कसा काढायचा ते जमलं होतं, हसू कुठून आणायचं.

संध्याकाळी पुतण्या आला. नुसतं माझ्याकडे बघून त्याला कळलं. राहू द्या काकू, म्हणाला, डॉक्टर अंदाजानं करतील. अंदाजानं म्हणजे कुणाचे तरी दात आणि कुणाचं तरी तोंड.

रविवारी मी खळ्यावर गेले ती सवयीनं. सगळं अंग ठणकत होतं. पेंढ्यावर बसले, कॅमेरा मांडीवर तसाच, चालू करून ठेवलेला, पण आशा काही नव्हती. आक्कांच्या शेजारच्या घरातली म्हातारी येऊन बसली होती. आक्कांहून दहा वर्षांनी मोठी असेल, तोंडाचं पार बोळकं. तिनं माझ्याकडे बोट करून आक्कांना विचारलं, "ही तुजी जाऊ तीन दिस झालं काय करती गं हितं?"

"फोटू काडती माजा," आक्का म्हणाल्या. "हसताना पायजे म्हनं डाक्टरला."

"मंग हास की."

"कशी हसू? हिनंच तर बंद केलतं."

असं म्हणून त्यांनी पाखडता पाखडता बारशाची गोष्ट सांगितली. आवाजात राग नव्हता, पण एक शब्द गाळला नाही. काळं दिसतंय, हेसुद्धा. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. त्यावर म्हातारी म्हणाली, ती तवा दिसायची कशी गं, मला आठवंना. आणि आक्का उठल्या. सूप बाजूला ठेवलं, माझ्याजवळ आल्या, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर चढवला. चष्म्याशिवाय मला दहा हातांवरचं माणूस नुसतं रंगाच्या डागासारखं दिसतं. त्या डागानं पेंढा सारायची लांब काठी उचलली, कॅमेऱ्याच्या स्टँडसारखी समोर रोवली, एक हात तिच्यावर, एक हात कंबरेवर. आणि बोलायला लागल्या त्या माझ्या आवाजात, माझ्या शहरी बोलीत.

"ए बाई, इकडे बघा. मान वर. एवढी नाही, आभाळात काय बघताय? हनुवटी खाली. हात गुडघ्यावर ठेवा, चोरून आणलेत का? पापणी पाडू नका. श्वास धरा."

म्हातारी ताठ बसली. "धरला," म्हणाली.

"सोडू नका मी सांगेपर्यंत." मग बायकांकडे वळून आपल्या नेहमीच्या आवाजात, "आनि असं बोलून ही बया आत गेली फिलम भराया. आमी बसलोय हितं श्वास धरून. मामंजी लालबुंद झालं, खोकलं, तरी सोडंनात. जाऊ आलीच न्हाई. आत बसून पेढं खात व्हती."

हे खरं आहे. पेढे बारशाचे होते.

"हं," आक्का पुन्हा माझ्या आवाजात म्हातारीला म्हणाल्या, "तोंड मिटा."

"मिटलंय की."

"आणखी मिटा."

"आता हाय काय गं त्यात," म्हातारी म्हणाली, आणि बोळकं उघडून दाखवलं.

खळं फुटलं. बायका पेंढ्यांवर पडल्या. आणि त्यात मला आक्कांचं हसू ऐकू आलं. ते मी बारशानंतर ऐकलं नव्हतं असं नाही, स्वयंपाकघरात, शेतात ऐकलं असेल, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. कोंबडी फडफडल्यासारखं सुरू होतं आणि मग लांबत जातं. मला काही दिसत नव्हतं. मांडीवरचं बटण दाबून धरलं एवढंच. त्यांचा एक हात काठीवर होता, एक कंबरेवर. पदराकडे जायला रिकामा हातच नव्हता.

मग हसू मध्येच तुटलं. आक्का काठी सोडून खाली बसल्या, दोन्ही हातांनी गाल धरून. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते मला पुढं फोटोत दिसलं. सुनेनं पाणी आणलं. माझं बोट बटणावरून निघालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या शेवटच्या दोन-तीन फोटोंत ते सगळं आहे. ते मी कुणाला दाखवले नाहीत आणि पुसलेही नाहीत.

बऱ्याच वेळानं आक्कांनी माझा चष्मा माझ्या हातात दिला. "घावला का?" एवढंच विचारलं.

बघितलं. निम्म्याअधिक फोटोंत आभाळ होतं, म्हातारीचे गुडघे होते, कुणाची तरी पाठ होती. एकात आक्का होत्या. तिरक्या, कपाळ वरून कापलेलं, कडेला माझ्या लुगड्याची किनार. डोळे जवळजवळ मिटलेले आणि तोंड पूर्ण उघडं. काळे दात, पुढचा एक शेजारच्यावर चढलेला, मागे जीभ. आमच्या स्टुडिओच्या नियमांनी त्यातलं काहीच बरोबर नव्हतं. मी त्यांना दाखवायला गेले तर त्यांनी हात हलवला. नंतर बघेन म्हणाल्या, आधी तो सोमवार जाऊ दे.

सोमवार गेला. त्यानंतरचे बरेच दिवस कसे गेले ते मला सांगवणार नाही आणि तुम्हाला वाचवणारही नाही. नळीनं पेज घालायची, जखम धुवायची, रोज तेच. आक्का बोलत नव्हत्या, बोललं तरी नाकातनं हवा जायची आणि कळायचं नाही. सून आणि मी पाळी लावून राहत होतो. या वयात दवाखान्याच्या स्टुलावर बसलं की माणसाला स्वतःचाच कंटाळा येतो. गाठ मात्र पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी कवळीसाठी गेलो. आक्का, पुतण्या आणि मी. मी फोटो मोठा करून, चांगल्या कागदावर छापून नेला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला, पट्टी लावून मोजलं, पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या. मग मला म्हणाल्या, "आजींचं हसू डावीकडून सुरू होतं. बघा, हा कोपरा आधी वर गेलाय."

मी बघितलं. गेला होता. एवढ्या वर्षांत एवढे फोटो काढून मला ते माहीत नव्हतं.

"ती बाजू आता उचलली जाणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण आक्कांना ऐकू जाईल अशा. "दात मात्र असेच लावता येतील. हा एकावर एक चढलेलासुद्धा." मग त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली, ओळीनं लावलेले नमुन्याचे दात. उजवीकडचे आक्कांचे स्वतःचे शिल्लक होते, ते साफ करून घेऊ, नवे पांढरे लावू, सगळे एकसारखे छान दिसतील, असं त्यांचं म्हणणं.

आक्कांनी मान हलवली. मग तोंडातल्या कापसाच्या बोळ्यामागून सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "पांडरं नगं."

"का आजी?"

"मिश्री सुटली, ती सुटली. पर गावात वळकाय पायजे मला."

डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचा सगळ्यात गडद दात निवडून फोटोवर धरला. मी म्हटलं, ट्यूबलाइटखाली रंग बघू नका, खिडकीशी या. तेवढं तरी मला कळतं. आम्ही तिघी खिडकीशी गेलो. मी आक्कांचा ओठ उजवीकडून बोटानं जरा वर धरला, बाईंनी नमुन्याचा दात त्यांच्या खऱ्या दाताशेजारी लावला. बराच फिका होता. याहून गडद येत नाही, पण वरून थोडा रंग चढवता येईल, म्हणाल्या, आणि कागदावर नंबर लिहिला.

आक्कांनी तेवढ्यात फोटो हातात घेतला होता. त्या पहिल्यांदाच बघत होत्या. खिडकीकडे धरून, लांब करून, जवळ आणून. पेन्सिलीच्या रेघेवर, त्या डाव्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"हितनं व्हय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. पुतण्या औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेला होता, गाडी दाराशी आणतो म्हणाला होता. बाईंनी फोटो फाइलला लावायला मागितला. एक प्रत माझ्याकडे आहे, ती घ्या, मी म्हटलं, ही त्यांच्याकडे राहू दे. आक्कांनी तो पिशवीत ठेवला, वर तपासण्यांचे कागद ठेवले, कागदांवर पाण्याची बाटली आडवी घातली, आणि माझा दंड धरला.

"चल गं धाकले. मला आता बसवंना."

जिना उतरताना कोण कुणाला धरून चाललंय ते आम्हां दोघींनाही कळत नव्हतं. मधल्या वळणावर दोनदा थांबलो.